लाल कडीची पट्टी

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नसणार, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. माझं बहुतेक आयुष्य एका अरुंद नळीत, अंधारात, तेलात पाय बुडवून उभं राहण्यात गेलं आहे. मी एका जुन्या गाडीतली तेल मोजायची पट्टी आहे. हातभराहून थोडी लांब, बोटापेक्षा अरुंद, वर बोट अडकवायला लाल कडी आणि खाली दोन खाचा. तेल या दोन खाचांच्या मध्ये असलं की गाडी सुखी. एवढंच माझं शिक्षण आणि एवढीच माझी नोकरी.

आमच्या गाडीत पट्ट्या दोन. दुसरी पिवळ्या कडीची, ती इंजिनाचं तेल मोजते. तिचा थाट काय विचारता! कोणीही उठतो, बॉनेट उघडतो, तिला बाहेर काढतो, पुसतो, कौतुकाने न्याहाळतो. मी गिअरबॉक्सची. आमची गाडी आपले गिअर आपणच बदलते, चालवणाऱ्याने फक्त दांडा पुढे किंवा मागे सरकवायचा. ही सगळी करामत ज्या लाल तेलावर चालते ते मी मोजते, पण माझी आठवण लोकांना वर्षाकाठी एखाद्या वेळी होते. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मग सवय झाली.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पुढे काही वर्षं न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात काढली, आणि मग जहाजाच्या पोटात बसून पॅसिफिक महासागरातल्या न्युए बेटावर आले. तिथे जहाज काठाला लागत नाही. क्रेनने आमची गाडी हवेत उचलून पडावात, म्हणजे सपाट होडीत ठेवली, तेव्हा आतलं तेल असं काही डचमळलं की मला भोवळच आली. आमचा नवा मालक तलैती त्या दिवशी होडी घेऊन मासेमारीला गेला होता, म्हणून गाडी ताब्यात घ्यायला त्याची बायको लिगी आली होती. गाड्या दुरुस्त करणारा लेवी तिला बॉनेट उघडून बराच वेळ काहीतरी समजावत होता. भोवळीत मला शब्द कळले नाहीत. लिगीचं मोठ्याने हसणं तेवढं कळलं.

ती वर्षं चांगली होती. रानातल्या मळ्यातून अळकुड्या भरून आणायच्या, रविवारी पांढरे कपडे घालून प्रार्थनेला जायचं, मागच्या सीटवर अळकुडी-पपईच्या ताकिहीचं भांडं, त्यातलं नारळाचं दूध हिंदकळू नये म्हणून लिगीचा सारखा आरडाओरडा. समोरून कोणतीही गाडी आली की स्टिअरिंगवरून हात उचलायचा, ही बेटाची रीत. लिगी तर दोन्ही हात उचलायची. तलैती म्हणायचा, "अगं, तुला निवडणुकीला उभं राहायचंय का?"

वर्षातून एकदा माझा सण यायचा. गाडी थोडी फिरवून आणली की तलैती बॉनेट उघडायचा आणि लिगी चालकाच्या जागेवर बसायची. इंजिन चालूच असायचं. ब्रेकवर पाय दाबून ती दांडा सावकाश एकेका जागी नेऊन परत थांब्यावर आणायची आणि ओरडायची, "मागे! मोकळा! पुढे! आणि आला घरी!" मग तलैती मला ओढून काढायचा, पुसायचा, परत आत घालून पुन्हा काढायचा.

"आता तरी बंद कर ते इंजिन," तो कुरकुरायचा. "पेट्रोल काय झाडाला लागतं? तुला आपलं गार हवेत बसायला निमित्त हवं."

"हो, हवं," ती आतून म्हणायची. "तुझ्यासारख्या गरम माणसाबरोबर राहायचं तर थोडी गार हवा नको? काय दिसतंय तिथे? की झोपलास?"

"भरलेलं आहे."

"मग बॉनेट लाव आणि जेवायला चल."

एका सकाळी लिगी उठलीच नाही. तिला घरासमोर, रस्त्याच्या कडेला पुरलं. आमच्याकडे आपली माणसं अशीच नजरेसमोर ठेवतात. पाहुणे आले, रडले, जेवले, विमानाने परत गेले. मुलगी सेलाही ऑकलंडला गेली. गावातली बरीच घरं आधीच कुलूपबंद होती. तलैती व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहायला लागला. जाणारा-येणारा हाक मारायचा, तो मान हलवायचा, आणि लोक म्हणायचे, म्हातारा बरा सावरला हो. सेलाचा फोन दर रविवारी यायचा.

"बाबा, कसे आहात?"

"ठीक आहे."

"जेवता ना नीट?"

"ठीक आहे म्हटलं ना."

पण बाहेर पडावं लागे. गाडी काढली की तो घरासमोरच्या त्या सिमेंटच्या थडग्याजवळ वेग कमी करायचा आणि स्टिअरिंगवरून हात उचलायचा. परत येताना पुन्हा. दिवसभरात कधीकधी दुसरं कोणी हात उचलायला भेटायचंच नाही. मला नळीतून दिसत नसलं तरी गाडी कुठे हळू होते हे गिअरच्या तेलाला बरोबर कळतं.

मग सेलाने जहाजाने गिअरचं नवं तेल पाठवलं. सोबत फोनवर बजावलं, "बाबा, तेल बदलून घ्या. गाडी मध्येच रानात बंद पडली तर तुम्हाला शोधायला कोण येणार? आणि गाडी नीट राहणार नसेल तर स्पष्ट सांगते, तुम्ही इकडे यायचं." तलैतीने होडीचं इंजिन जन्मभर स्वतः सांभाळलेलं. तो कशाला कोणाला बोलावतो? त्याने गाडी विटांवर चढवली, जुनं काळपट तेल काढलं, जाळी बदलली, तळ पुसला. काम अगदी स्वच्छ केलं, मी साक्षीदार आहे. नवं तेल ओतून झाल्यावर इंजिन थोडं फिरवलं आणि बंद केलं. सगळं शांत झाल्यावर मला बाहेर काढलं. तेल वरच्या खाचेला टेकलं होतं.

"भरलं," तो म्हणाला. ऐकायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडीची तब्येत बिघडली. दांडा पुढे सरकवला तरी ती क्षणभर विचार करत उभी राहायची. चढावर इंजिन नुसतं गुरगुरायचं आणि चाकं जागची हलायची नाहीत. आतून बारीक रडल्यासारखा आवाज यायचा. अलोफी गावातून वर येणाऱ्या चढावर ती अळकुड्यांच्या पोत्यांसकट थांबली, तेव्हा मागच्या ट्रकवाल्याने दोर बांधून घरी आणून सोडली. जाताना तो म्हणाला, "आजोबा, म्हाताऱ्या गिअरबॉक्सचं तेल बदलायचं नसतं. जुन्या मळानेच त्याचे भाग एकत्र धरलेले असतात. आता ही गाडी संपली." हे ज्याला त्याला पाठ असतं. मला नळीतून ओरडून सांगावंसं वाटलं की तसं नाही, तेल कमी आहे, वरच्या मंडळींपर्यंत पोचतच नाही! पण पट्टीला बाहेर काढल्याशिवाय बोलता येत नाही, आणि थांबलेल्या गाडीतून काढलं तर मी तरी काय दाखवणार? पायाशी जे साचलेलं असतं तेच.

सेलाने बाबांचं येत्या शुक्रवारच्या विमानाचं ऑकलंडचं तिकीट काढलं. तलैती नाही म्हणाला नाही. गाडी नसेल तर मळा नाही, प्रार्थना नाही, दवाखाना नाही, हे त्यालाही कळत होतं. त्या संध्याकाळी तो थडग्याजवळ पायी गेला आणि रस्त्यावर उभा राहून त्याने हात उचलला. मग घरात आला आणि दिवा न लावता बसला. मित्रांनो, अंधारात राहायची सवय मला आहे. माणसाला ती लागू नये.

दोन दिवसांनी लेवी आला. गाडी सुट्या भागांसाठी ओढून न्यायला दोर घेऊनच आला होता. आता त्याचेही केस पिकले होते.

"काका, न्यायच्या आधी एकदा बघू का?" त्याने बॉनेट उघडलं आणि मला ओढलं. मला नाकाशी धरून वास घेतला. "जळका वास नाही. रंग लालभडक. आतलं काही मेलेलं दिसत नाही. आणि पट्टी तर भरलेली दाखवतेय." तो डोकं खाजवत राहिला. "काका, तेल घातल्यावर पातळी कशी बघितलीत?"

"नेहमीसारखी."

"नेहमी म्हणजे?"

"म्हणजे काढली, पुसली, घातली, काढली. मला काय शिकवतोस? तुझ्या जन्माच्या आधीपासून इंजिनं बघतोय मी."

"बघताय हो. पण गाडीत कोण बसलं होतं?"

कोंबडी अंगण ओलांडून जाईपर्यंत तलैती तिच्याकडे बघत राहिला.

"कोणी नव्हतं," तो म्हणाला. "कोण बसणार?"

"आणि इंजिन?"

"बंद. ती गार हवेसाठी चालू ठेवायची. मला कशाला हवी गार हवा?"

लेवीने मला फडक्यावर ठेवलं आणि तो बंपरवर टेकला. "काका, गार हवेसाठी नव्हतं हो ते. इंजिन बंद असलं की वरचं सगळं तेल खाली उतरतं आणि पट्टी भरलेली दिसते. चालू असताना खरं कळतं. दांडाही सगळीकडे फिरवून आणायचा, म्हणजे तेल घरोघर पोचतं. गाडी उतरली त्या दिवशी काकूंना मीच हे सगळं सांगितलं होतं."

"मग तिनं मला का नाही सांगितलं?"

"मी विचारलं होतं. हसायला लागल्या. म्हणाल्या, 'तलैतीला शिकवायला गेलं तर आठवडाभर रुसून बसेल. त्यापेक्षा मी गार हवा खाते म्हणेन.'"

तलैती हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा विस्कटला. इतकी वर्षं दरवेळी बोलणी खाल्ली तिने. एकदाही उलट सांगितलं नाही.

"बसा आत," लेवी म्हणाला. "इथे मी बघतो."

बायकोच्या जागेवर म्हातारा बसला. इंजिन सुरू झालं. गार हवा त्याच्या तोंडावर आली असणार. मग दांडा हलला आणि घोगरा आवाज आला, "मागे. मोकळा. पुढे. आणि... आला घरी."

लेवीने मला ओढलं. मी टोकापर्यंत जवळजवळ कोरडी होते.

उरलेलं तेल थोडं थोडं घालत, पुन्हा पुन्हा बघत, त्यांनी मला दोन खाचांच्या मध्ये आणलं. लेवी दोर गुंडाळून गेला. तलैतीने गाडी रस्त्यावर काढली, ती न अडखळता निघाली, आणि घरासमोर हळू झाली. परत येऊन त्याने तेल कुठे गळत नाही ना हे पाहायला बॉनेट उघडलं आणि रविवारची वाट न पाहता तिथूनच सेलाला फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं.

"सेला, गाडी बरी झाली."

"खरंच? आणि तुम्ही?"

"मी ठीक..." तो थांबला. "मी ठीक नाही गं. घरात कोणी नाही. ते तिकीट उलट्या बाजूने करून घे. तू ये. तेल बघायला गाडीत कोणीतरी बसावं लागतं, मला माहीतच नव्हतं."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग सेला म्हणाली, "गार हवा चालू ठेवणार असाल तर येते."

मित्रांनो, ती अजून आलेली नाही. सुट्टी मिळाली की येणार आहे, आणि सुट्टी संपली की जाणार आहे, हे तलैतीला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. तोवर मी माझ्या अंधारात उभी आहे. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर माझ्या जातभाईंना वर्षातून एकदा तरी बाहेर काढा, इंजिन चालू ठेवून बघा, आणि परत घालताना पट्टी शेवटपर्यंत दाबा, नाहीतर नळीत धूळ जाते. आणि खुर्चीत बसून 'ठीक आहे' म्हणणारं कोणी असेल, तर बसल्या जागी बघून भरलेलं आहे असं समजू नका. त्याला उठवा, थोडं चालवा. एक जण त्याच्या शेजारी बसा.