दसरूला उगवलेले कान

दसरू जिवंत होता तोवर ठार बहिरा होता. मेल्यावर मात्र त्याला कान उगवले, तेही झुपक्यानं.

अहेरीच्या पुढच्या रानातल्या त्या गावात मेलेल्याच्या नावानं कोरीव लाकडी खांब उभा करतात. दसरूचा खांब त्याच्या पोरानं, इसरूनं, उन्हाळ्यात रोवला. पावसाची झड लागली आणि ओल्या लाकडातून तपकिरी, लिबलिबीत बुरशी बाहेर आली. हुबेहूब माणसाचे कान.

"मामाजी ऐकून राह्यले," इसरूची बायको सोनीबाई सासऱ्याच्या खांबाकडं बघत म्हणाली. "आता तरी नीट बोलत जा."

इसरूला बापानं ऐकण्याची भीती नव्हती, भावकीनं पाहण्याची होती. खांब बिज्याच्या टणक, बुरशी न धरणाऱ्या लाकडाचा असावा, अशी रीत. पण बिजा कोरताना हात सोलतात. म्हणून त्यानं मऊ सावर कोरली, वरून गेरू फासला आणि चारचौघांत बिजाच म्हणून सांगितलं. आता नवं धान खायला भावकी खांबापाशी येणार होती. खोट्या माणसाच्या हातचा पहिला घास तिथं कोणी घेत नसे.

तो रोज पहाटे जाऊन कान खुडायचा. रात्री पाऊस पडायचा, सकाळी कान हजर.

"त्यायनं जिंदगीत तुमचा कान पिरगाळला नाई," सोनीबाई म्हणाली, "अन् तुम्ही रोज त्यायचे उपटून राह्यले!"

नव्याच्या दिवशी त्यानं खांब खरवडून साफ केला. गुडघ्याच्या उंचीवरचा एक कान तेवढा राहिला. दसरूचा भाऊ पोचूकाका नेमका तिथंच वाकला.

"काऊन रे, बिज्याले कान आले?"

"पाऊस लय झाला, काका."

"पाऊस माह्यावरबी झाला. मले कुठी आले?"

भावकी खांबाभोवती सरकली.

"लाकूड कोणतं, मले नको सांगू," काका म्हणाला. "त्याले सांग. आता ऐकते तो."

इसरू गुडघ्यावर बसला. हळूच कुजबुजू, कोणाला कळणार नाही, असा त्याचा बेत. त्यानं त्या ओल्या कानाला तोंड लावलं. पण बापाशी बोलायची जन्माची सवय आडवी आली.

"सावर हाय, बाबा!"

झाडावरचे बगळे उडाले. चुलीपाशी बसलेल्या बायांनी माना वळवल्या.

"ऐकलं त्यानं," म्हणत काकानं बिडी पेटवली. "जा, कुऱ्हाड घे अन् बिजा तोडून आण. आमी बसतो."

सोनीबाईनं भाताच्या गंजावर पुन्हा झाकण ठेवलं.