दीपमालाच्या तोंडावरचा स्कार्फ

मी तोंडाला बांधायचा स्कार्फ. सुती, फिकट निळा, कडेला पांढरी वेल. अकोल्याच्या गांधी चौकात हातगाडीवर माझ्यासारखे ढीगभर लटकलेले असतात, त्यातलाच एक. बोलायची मला सवय नाही. बोलणाऱ्या तोंडावर बसून मी आजवर नुसतं ऐकत आलो. पण भीती मनात दाबून दाबून माझा पीळ सुटेनासा झालाय, म्हणून आज बोलतो.

मला घेतलं दीपमालाने. शहराला लागूनच त्यांचा मळा. आई माणिकबाई वांगी, पालक, झेंडू पिकवते आणि स्वतः बाजारात बसून विकते. दीपमालाला पोलीस व्हायचं होतं. शाळेत असल्यापासून तिचा एकच ध्यास, आणि त्यासाठी मैदानी चाचणीत धावावं लागतं.

आमच्याकडे होळी झाली की पोरी तोंड बांधतात. डोळे तेवढे उघडे. सख्खा भाऊ शेजारून गाडी घेऊन गेला तरी ओळखत नाही. बांधलेल्या तोंडाला इथं कुणी काही विचारत नाही, उघड्या तोंडालाच दटावतात, "ऊन नाही लागत काय व तुले?" त्यामुळे दीपमाला भरतीच्या क्लासात बसल्यावरही मला सोडत नाही, हे कुणाच्या डोळ्यावर आलं नाही.

मला मात्र कळत होतं. उन्हाची धग मी ओळखतो, ती बाहेरून येते. ही आतून यायची. गाल, नाक, कपाळ लालबुंद, त्यावर बारीक पुळ्या. जरा धावली, गरम चहा प्यायली, ठेच्याला बोट लावलं, की चेहऱ्याची आग आग व्हायची. मी तिला चिकटून बसलेला, पळणार कुठे?

माणिकबाई म्हणायची, "उष्णता हाय," आणि सब्जाचं पाणी पाजायची. आत्या पार्बताबाईचं दुसरंच. "पोट्टीच्या तोंडाले काय झालं? उद्या पाहुणे येतीन त काय सांगसान?" तिनेच कुठूनसं गोरं करायचं मलम आणून दिलं. चार दिवस चेहरा निवळला. मग दुपटीने पेटला.

त्या दिवसापासून दीपमाला आरशासमोरही मला सोडेना. सकाळी मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या पोरीपोरांची गर्दी, तिथं तोंड उघडं करायचं म्हणजे मरणच. मग तिने काय करावं? भर दुपारी जायला लागली. अकोल्याची दुपार, जिथं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही! मैदान रिकामं, पाहणारं कुणी नाही, आणि तरीही मी तोंडाला घट्ट बांधलेला.

खरं सांगतो, मला तिच्या श्वासाची भीती वाटायची. तिने श्वास ओढला की मी तिच्या तोंडात ओढला जायचो. घामाने भिजलेलं कापड नाकावर बसलं की हवा येत नाही. सुटावं म्हणून मी धडपडायचो, पण गाठ मागे, आणि कापडाला हात नसतात.

एका दुपारी ती डगमगली. पाय वाकडे पडले, आणि मातीत कोसळली. मी तिच्या नाकातोंडावर तसाच. उशीर झाला म्हणून तिला शोधत मैत्रीण रागिणी मैदानावर आली नसती, तर पुढचं मला बोलवत नाही. तिने धावत येऊन आधी माझी गाठ सोडली. चेहरा पाहून तीच घाबरली.

"काहून लपवलं व? मले तरी सांगाचं होतं!"

कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे मी माणिकबाईच्या मुठीत होतो.

"याला रोझेशिया म्हणतात," बाई म्हणाल्या. "एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुळापासून जाईलच असं नाही, पण ताब्यात राहतो. ते मलम आधी बंद. मी औषध देते."

"अन् धावनं, डॉक्टरीणबाई? थे बी बंद करू ना?" माणिकबाईने विचारलं. पोरीने झटकन मान वर केली.

"धावणं नको बंद करू, दुपार बंद कर. पहाटे धाव. थोडं धाव, थांब, गार पाणी पी, पुन्हा धाव. तोंड बांधून धावायचं नाही. ओलं कापड मानेवर ठेव," बाई दीपमालाकडे बघून म्हणाल्या.

माझं काम बदललं, पण भीती तीच. पहाटेच्या मैदानावर पोरी टकामका बघायच्या, कुजबुजायच्या. पहिल्या दिवशी दीपमालाचा हात दोनदा माझ्याकडे आला. माणिकबाई कठड्याशी उभी होती. "राहू दे," म्हणाली. एवढंच. रोज भाजीचा पहिला सौदा सोडून ती उभी राहायची.

मग चाचणीचा दिवस आला, अमरावतीला. आम्ही पहिल्या बसने निघालो. ऊन चढेल तशी दीपमाला खिडकीपासून आत सरकत गेली. रांग लांब होती, आणि रांगेतच तिचे गाल तापायला लागले. फाटकावर एक पोलीस बाई ओळखपत्राचा फोटो चेहऱ्याशी लावून बघत होत्या. फोटो जुना, साध्या सावळ्या चेहऱ्याचा.

त्या बाईंनी फोटो पाहिला, मग तिला. "ही तूच काय?"

माझा धागा न् धागा आखडला. हात मला वर ओढणार, ती मागे फिरणार, असंच मला वाटलं.

"मीच हाव, मॅडम. तापलं की तोंड लाल होते. रोझेशिया म्हणतेत. कोनाले लागत नाही."

बाईंनी नाव नीट वाचून पाहिलं आणि आत सोडलं.

मला आत नेता येत नव्हतं. मी माणिकबाईच्या हातात. शिट्टी ऐकू आली. तिने मला पिळायला सुरुवात केली, कोरडा असूनही. "पडली त नसन?" हे ती कुणाला विचारत होती कुणास ठाऊक. एवढा घाबरलो तर मी त्या दुपारीही नव्हतो.

ती आली. आपल्या पायांनी आली. चेहरा जास्वंदीसारखा लाल, पुळ्या चमकत होत्या. माणिकबाईने बाटलीतलं गार पाणी माझ्यावर ओतलं, आणि दीपमालाने मला मानेवर टाकलं. तोंडावर नाही.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीजवळ एक म्हातारी कळवळली, "व माय, झाक थे तोंड! किती लाल झालं!"

"राहू द्या, आजी," दीपमाला म्हणाली. "धावली मी."

निकाल अजून लागायचाय. माझी भीती गेलेली नाही, उन्हाळा तर अजून सरायचाय. मला हातगाडीवरून घेणाऱ्या पोरींनो, ऊन लागत असेल तर मला खुशाल बांधा. पण धावताना तोंड मोकळं ठेवा, आणि चेहऱ्याची लाज वाटते म्हणून माझ्या आड बसू नका. आत किती तापतं ते मी सोसलंय.

उद्या पहाटे पुन्हा मैदान आहे. माणिकबाईने मला आताच रांजणाच्या पाण्यात बुडवून ठेवलंय, म्हणजे सकाळी गार राहीन. मी चिंब भिजलोय. आता तोंड झाकायच्या काही कामाचा उरलो नाही.