चौकट धरून

"साठ नाही, चाळीस पाहिजे होते," मी मोठ्यानेच बोलले. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या.

रेडिएटरची हजारो पाती कॉम्प्युटरमध्ये कोणी काढत बसत नाही. त्यांच्या जागी स्पंजासारखा एक सच्छिद्र ठोकळा ठेवायचा आणि तो हवेला दर मीटरला किती अडवतो, तो आकडा भरायचा. तो आकडा मला मामांकडून मिळायचा. सव्वीस वर्षं कंपनीच्या टेस्ट बेंचवर रेडिएटर तपासत काढलेला मेकॅनिक; सगळे त्यांना मामाच म्हणायचे. आकडा बरोबरच होता. ठोकळा मात्र मी पत्र्याच्या चौकटीसकट काढला होता, चाळीस मिलिमीटरऐवजी साठ मिलिमीटर जाडीचा. त्यामुळे हवा दीडपट अडली आणि माझ्या स्क्रीनवर इंजिन तापलं. मामांच्या टेस्टमध्ये ते थंड होतं. मेळ बसेना, तेव्हा मी रिपोर्टमध्ये ठोकून दिलं: मापनातील मानवी चूक.

त्या तीन शब्दांवर साहेबांनी मामांना पॅकिंगला पाठवलं. त्याला आता तीन आठवडे झाले.

मी तडक साहेबांकडे गेले. "सर, चूक माझी आहे. मामांना परत बेंचवर घ्या."

"मॉडेल दुरुस्त कर आणि विषय संपव. रिपोर्ट कस्टमरकडे गेलाय. आता काय हसं करून घ्यायचं?"

"आणि मामा?"

"तिकडे बसायला खुर्ची आहे की. वय झालंय त्यांचं."

माझं डोकं फिरलं. निम्मा राग माझा माझ्यावरच होता. जागेवर येऊन दुसरा रिपोर्ट लिहिला आणि साहेबांना न विचारता कस्टमरला पाठवून दिला. काय व्हायचं ते होवो. त्याची एक प्रत घेऊन पॅकिंगमध्ये गेले.

मामा खोक्यांवर लेबलं चिकटवत होते. मी सगळं सांगितलं.

"चौकट धरून मोजलंस होय," ते म्हणाले. "मी विचारलं होतं गं तुला, चौकट धरून की सोडून? तू म्हणालीस, मामा, तुम्ही फक्त आकडे पाठवा."

मी म्हणाले होते खरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी चष्मा चढवून कागद वाचला. "मानवी चूक तशीच ठेवलीस?"

"हो. पुढे माझं नाव घातलंय."

"हा मी ठेवू का?"

"ठेवा ना. कशाला पण?"

"बायको रोज विचारते, नक्की चुकलं काय तुमचं. मला सांगता येत नव्हतं."

त्यांनी कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि पुढचं खोकं ओढलं.