दोन उद्गारचिन्हं

ऑफिसात तिला सगळे शंकाताई म्हणत, कारण कोड तपासून त्याचं अ‍ॅप बनवणाऱ्या कंपायलरच्या पिवळ्या सूचना वाचणारी ती एकटीच होती. बाकीचे फक्त लाल चुका बघत, त्या काढल्याशिवाय अ‍ॅप तयारच होत नाही म्हणून.

अ‍ॅप होतं डायलिसिसच्या पेशंटना घरून आणणाऱ्या ड्रायव्हरांसाठी. नव्या आवृत्तीत पेशंटच्या नावाखाली नातेवाइकाचा नंबर दिसणार होता. नेमकी त्या ओळीवर कंपायलरने पिवळी सूचना दिली: ही जागा रिकामी असू शकते. तिने मॅनेजरना दाखवलं. त्यांनी खुर्चीही वळवली नाही. "इतक्या आजारी माणसाला घरचं कुणीच नाही, असं असतं का कधी?"

असेलही, ती म्हणाली. पण हॉस्पिटलला आवृत्ती संध्याकाळपर्यंत हवी होती आणि अशा सूचनांचा ढीग पडला होता.

"दोन उद्गारचिन्हं टाक आणि मोकळी हो," ते म्हणाले.

ती टाकली की कंपायलर गप्प बसतो. जागा भरलेलीच आहे, अशी हमी आपण घेतलेली असते; ती खोटी ठरली तर अ‍ॅप बंद पडतं. तिने घेतली.

सोमवारी सकाळी ड्रायव्हरचा फोन आला. एका आजींचं नाव उघडलं की अ‍ॅप बंद पडत होतं, पत्ता दिसायच्या आतच. नातेवाइकाची जागा रिकामी असणार, हे तिने ओळखलं. दुरुस्ती लगेच झाली, पण अ‍ॅप स्टोअरची मंजुरी मिळेपर्यंत ती तिच्याच कॉम्प्युटरवर अडकून पडली. पेशंटचे पत्ते बघायची परवानगी तिला नव्हती. हॉस्पिटलचा फोन एंगेज. ती नुसती लावत राहिली.

अखेर हॉस्पिटलकडून पत्ता मिळाला. ड्रायव्हर पोचला तेव्हा आजी जिन्यात पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पाय सुजून टम्म. मशीनवरचा त्यांचा नंबर तोवर दुसऱ्याला गेला होता. रात्री धाप लागली म्हणून त्यांना दाखल करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने वॉर्डला फोन केला. नर्सने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

अ‍ॅपचं काम बघते, ती म्हणाली. माहिती फक्त नातेवाइकांना देतो, असं सांगून नर्सने फोन ठेवला.

मग तिने ड्रायव्हरला विचारलं. जिवावरचं टळलं म्हणतात, तो म्हणाला, पण मलाही आत सोडलं नाही.

मॅनेजर शेजारी येऊन उभे राहिले. स्क्रीनवर इतर सूचना तशाच पिवळ्या होत्या. ती पहिलीपासून वाचायला लागली.