हात बसेपर्यंत

द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला आणि पिंपळगावजवळच्या पॅकहाउसचा तरुण मालक राज याने सुपरवायझर मंजुषाला बोलावलं. "मंजुषाताई, गेल्या वर्षीचं काम मोजून पाहिलं. चपळ बाई इतरांच्या दुप्पट पेट्या भरते. यंदा चाचणी घेऊनच बायका कामावर घेऊ."

त्यात खोटं काहीच नव्हतं. चाचणीच्या दिवशी मंजुषा टेबलांमधून फिरत होती. आयत नावाची नवी मुलगी घडातले खराब मणी कात्रीने काढता काढता रडकुंडीला आली होती. तिला पाहून मंजुषाला आपला पहिला हंगाम आठवला. तेव्हा शेजारी रेहानाआपा बसायच्या. गप्पा मारता मारता स्वतःची भरलेली पेटी हळूच तिच्याकडे सरकवायच्या. "हात बसू दे गं मंजू, घाई कसली?" दुपारी सगळ्याजणींचे डबे एकत्र उघडायचे, हसण्याने शेड दणाणून जायची. आपा जाऊन आता वर्षं झाली, पण त्यांचा आवाज अजून कानात होता.

ती राजकडे गेली. "दादा, जरूर मोजा, पण पहिल्याच दिवशी नको. असं मोजलं असतं, तर मी इथं टिकलेच नसते."

राजने थोडा विचार केला. "बरं. आठवडाभर सगळ्यांना काम देऊ, मग पुन्हा मोजू."

आठवड्यानंतरही काहीजणी मागेच राहिल्या. त्यांना नकार देताना मंजुषाला जड गेलं. आयत मात्र चांगल्या बायकांच्या बरोबरीला आली होती.

"हिला तर मी पहिल्याच दिवशी घरी पाठवणार होतो," राज म्हणाला.