रिकामी खाच

विमानदुरुस्तीच्या त्या कारखान्यात अख्खं विमान कधी येत नसे. यायचे ते त्याचे अवयव. कुणाच्या टेबलावर चाकांचे ब्रेक, कुणाच्या टेबलावर झडपा, आणि एकाच्या टेबलावर इंधनाचे पंप. सगळे त्याला पंपवाला म्हणत, आणि त्यालाही आता त्याचं काही वाटत नसे.

प्रत्येकाची हत्यारांची पेटी वेगळी. पेटीत काळा फोम आणि त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच. सुटताना एक जरी खाच रिकामी दिसली तरी हत्यार सापडेपर्यंत त्या माणसाने घरी जायचं नाही, आणि त्या दिवशी त्याच्या हातून गेलेला प्रत्येक भाग पुन्हा उघडायचा. नियम चांगलाच होता, त्याला नावं ठेवायची सोय नाही. आत विसरलेला एक स्क्रूसुद्धा वर आकाशात माणसं मारतो.

त्या दिवशी रिकामी निघाली ती आरशाची खाच. लांब दांडीचा, नखाएवढा आरसा. पंपाच्या आत, जिथे डोळा पोचत नाही तिथे डोकावायला.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी त्याच्या वडिलांचं स्वरयंत्र काढणार होते. गळ्यात गाठ होती, दुसरा इलाज नव्हता. आई गेली त्या दिवशी पंपवाला वडिलांना नको ते बोलून गेला होता, "तुम्हीच तिला झिजवून मारलंत." तेव्हापासून बापलेकांत "जेवलात का" आणि "दार लावून घे" यापलीकडे शब्द नव्हता. काल मात्र वडील आपणहून म्हणाले, "उद्या आत नेण्याआधी ये. तुझ्याशी बोलायचंय. काम बुडवू नकोस, सुटल्यावर ये." शिव्या घालतील, माफ करतील, की उलट माफी मागतील? काहीही चाललं असतं. त्याला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

टेबलाखाली शोधलं, कचऱ्याचा डबा पालथा घातला, बूटसुद्धा झटकले. साहेब सकाळपासून दाढ धरून बसलेले, ते वैतागून म्हणाले, "उघड पंप. माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला जवळ सरकला. "माझ्याकडे जुना आरसा पडलाय. ठेव खाचेत आणि पळ. बाप एकच असतो रे."

पंपवाल्याने तो हातात घेतलासुद्धा. "आणि माझा आत राहिला असेल तर?"

"नसणार रे. तुलाही माहितीये."

"माहीत नाही ना! तोच तर घोळ आहे." त्याने आरसा परत दिला.

साहेबांच्या खोलीतून त्याने दवाखान्यात फोन लावला. बहिणीने उचलला. "ताई, आरसा हरवलाय, सोडत नाहीत. बाबांना दे." मागून वडिलांचा घोगरा आवाज आला, "फोनवर बोलायची गोष्ट नाही ती. येऊ दे त्याला."

त्याने पहिला पंप उघडला. आत काही नाही. दुसरा उघडला, तोही स्वच्छ. तेवढ्यात साहेब घरी निघाले. दुखण्याची गोळी काढायला त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, आणि गोळीबरोबर आरसा बाहेर आला.

"अरे! दुपारी दाढ बघायला घेतला होता तुझ्या पेटीतून." साहेब सुजल्या गालाने हसले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

साहेब हसले म्हणून बाकीचेही हसले. साहेबांचे उरलेले दातही उपटून त्यांच्या हातात द्यावेत असं पंपवाल्याला वाटलं. पण नोकरदार माणसाने दातओठ खायचे ते घरी जाऊन. त्याने आरसा पुसला, खाचेत ठेवला आणि धावत सुटला.

दवाखान्यात ताई बंद दाराबाहेर बसली होती. "आत नेईपर्यंत मान वळवून बघत होते. म्हटलं, मला सांगा, मी सांगते त्याला. तर म्हणाले, त्याचं त्यालाच सांगायचं."

चार-पाच दिवसांनी वडील उशीला टेकून बसू लागले. गळ्याला नळी, मांडीवर पाटी. ताई चहा आणायला गेली तसा तो खुर्ची ओढून जवळ बसला. "बाबा, काय बोलायचं होतं?"

वडिलांनी खडू उचलला. मग वाकड्या अक्षरात लिहिलं, 'आरसा सापडला?'

साहेबांचा खिसा, ती दाढ, ते हसणं, सगळं त्याच्या ओठांवर आलं. मग त्याची नजर त्या नळीवर गेली.

"सापडला," तो म्हणाला. "पंपातच होता, बाबा. तसाच गेला असता तर विमान पडलं असतं."

वडिलांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचा हात थोपटला आणि खाली लिहिलं, 'मग बरं झालं.'

"पण ते बोलायचं होतं ते?"

वडिलांनी गळ्यातल्या नळीवर बोट ठेवलं, हातानेच राहू दे अशी खूण केली, तळव्याने पाटी पुसली आणि त्याच्या हातात दिली.