पाटी वाळेपर्यंत

जगाचा इतिहास राजे घडवत नाहीत, सेनापती तर नाहीतच. जगाचा इतिहास पाट्या रंगवणारे घडवतात. हुकूम कोणाचाही असो, तो ठळक अक्षरांत दारावर लागल्याशिवाय त्याला कोणी भीक घालत नाही. हे थोर विचार पेंटर आपल्याच बंद दाराला आतून ऐकवत होता. दाराच्या पलीकडे शिपाई बसला होता, अलीकडे त्याच्या सासूबाई, आणि दोघांपैकी कोणालाही थोर विचार ऐकायची सवय नव्हती.

झालं होतं असं. ताप शहरात शिरला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला किरकोळ पडसं म्हटलं. मग एका वर्तमानपत्राचे संपादकच त्या किरकोळ पडशाने गेले आणि बातम्यांचा सूर बदलला. लढाईवरून परतलेल्या फौजेने तो आणला असं कोणी म्हणे, कोणी म्हणे हवाच बिघडली. शाळा बंद झाल्या. सकाळी झाकलेल्या गाड्या गल्लीतून जात, तेव्हा माणसं एकदम पाठ करून भिंती न्याहाळू लागत. या तापाची तऱ्हा अशी, की म्हाताऱ्यांना तो ओलांडून जाई आणि धडधाकट, तरण्याताठ्या माणसांना उचले. सासूबाईंना हा सरळसरळ अपमान वाटे. "मी इथे बसलेय आणि हा मेला मला हुंगतसुद्धा नाही!"

आरोग्य खात्याने ठरवलं की आजारी घरावर पाटी लावायची. 'येथे आजारी आहे. आत येऊ नये.' काम पेंटरला मिळालं. त्याचा सगळा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. शिंपी असो की घड्याळजी, नावाखाली बारीक अक्षरात 'आत यावे' एवढं तो पदरचं लिहून देई. तेवढीच आपली सही, म्हणे. आता तोच माणूस दिवसभर 'आत येऊ नये' लिहीत बसला. अक्षर मात्र झकास. लोक म्हणत, पाटी पाहून तरी आजारी पडावंसं वाटतं.

खात्याने पाट्या नेल्या, त्यात एक ओली राहिली. घरात ऊन येत नाही, म्हणून पेंटरने ती बाहेर आपल्याच दाराच्या खिळ्याला अडकवली आणि तो जरा आडवा झाला. उठून पाहतो तो बाहेरून कडी, आणि पायरीवर शिपाई.

"अहो शिपाईदादा, ही पाटी वाळत घातलीय!"

"असेल. पण लिहिलंय काय?"

"मीच लिहिलंय ना ते!"

"मग तुम्हाला तर माहीतच आहे." शिपाई विडी शिलगावत म्हणाला. "डॉक्टर येतील, तपासतील, पाटी काढतील."

डॉक्टर त्याच दिवशी स्वतः पाटीआड गेले. तीही पेंटरनेच आत बसून रंगवून दिलेली. डॉक्टरांना शोभावी म्हणून तिला त्याने सोनेरी किनार दिली होती.

इथवर गंमत होती. बायकोने कणगीत हात घालून धान्य किती उरलंय ते पाहिलं, सासूबाईंनी आपल्या जावयाची, पेंटरची, अक्कल काढली, दिवस गेले. मग एका सकाळी समोरच्या घराच्या खिडकीत पेंटरचा जावई उभा राहिला, गज घट्ट धरून. पेंटरची एकुलती एक लेक समोरच दिलेली. मधे फक्त रस्ता.

"बाबा," जावई म्हणाला, "तिला ताप आहे. मलाही आहे. उठवत नाहीये हो. पाणी द्यायलासुद्धा कोणी नाही."

पेंटरने खिडकीत डोकं खुपसलं. "ओठ कसे आहेत तिचे?"

"निळसर."

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की निळे ओठ म्हणजे काय. पण पेंटरला निळा म्हटल्यावर थांबता येईना. "निळसर म्हणजे कसला रे? आकाशी की शाईचा?"

"मला काय कळतं त्यातलं?"

"अरे, तुझ्या सदऱ्यासारखा की कोटासारखा?"

जावयाने मागे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सदऱ्यासारखा. अजून."

त्या 'अजून'सरशी पेंटरने खिडकी सोडली. तो दाराशी धावला आणि दोन्ही मुठींनी दार बडवू लागला. "दादा, कडी काढा! लेक मरतेय माझी!"

"काका, माझ्या पोटावर का पाय देता?" शिपाई खरंच कळवळून म्हणाला. "पाटीच्या घरातून चांगल्या घरात माणूस सोडायचा नाही, असा हुकूम आहे."

सासूबाईंनी जपाची माळ ओढावी तसा लुगड्याचा पदर बोटांतून ओढला आणि विचारलं, "आणि पाटीच्या घरातून पाटीच्या घरात?"

शिपाई विचारात पडला. "ते हुकमात नाही, आजी."

"नाही ना? मग समोर पाटी लाव. तिथे ताप आहे, आम्ही सांगतोय."

"लावीन की. पण पाटीवर लिहिलेलं असतं आत येऊ नये. मग हे आत कसे जाणार?"

यावर सासूबाईसुद्धा गप्प झाल्या, आणि असं पूर्वी घडल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं.

"आधी पाटी तरी करा हो," बायको म्हणाली. "नंतरचं नंतर."

पेंटरने फळी मांडीवर घेतली. शहरभरच्या दारांना त्याने हे शब्द लिहून दिले होते आणि एकदाही हात अडखळला नव्हता. आता 'आजारी' लिहिताना काळा रंग ओघळला. तो त्याने अंगठ्याने पुसला. पुढचं त्याने कसं लिहिलं ते त्याला कळलंच नाही, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि हाताला आपली जुनी वाट पाठ होती. फळी त्याने खिडकीतून खाली सरकवली.

शिपायाने ती समोर नेली, खिळा ठोकला आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचली, एकेक अक्षर लावत.

"ये-थे आ-जा-री आ-हे. आ-त... या-वे."

शिपायाने पुन्हा वाचली. मग पेंटरच्या खिडकीकडे पाहिलं. पेंटरचं तोंड उघडं पडलं होतं.

"अहो, मुद्दाम?" बायको कुजबुजली.

"छे गं. हातच गेला."

शिपाई रस्ता ओलांडून आला आणि कडी काढताना कोणाकडेही न बघता म्हणाला, "आता लिहिलंयच तसं, तर मी काय करणार?"

नवराबायको धावत रस्ता ओलांडून आत गेले आणि मागे दुसरी कडी लागली. या घरात आणखी कमी जागा होती. एका कोपऱ्यात जावई कण्हत पडला, दुसऱ्यात लेक. बायको पाणी तापवी, चमच्याने पाजी, कपाळावरची ओली घडी बदली. पेंटर उशाशी बसून ओठांकडे पाही. सदऱ्याचा निळा फिका झाला की गडद, हे ठरवता येईना. उजेड कमी-जास्त झाला की रंग बदले, आणि पेंटरला उजेडाचासुद्धा राग येऊ लागला. बाहेर झाकलेली गाडी येई, दाराशी रेंगाळे, पाटी वाचून गोंधळे आणि पुढे जाई.

आणि समोरच्या खिडकीतून, एकट्या राहिलेल्या सासूबाई सकाळ-दुपार-संध्याकाळ खणखणीत आवाजात ओरडत, "जावईबापू! ओठ कसे आहेत? ऐकू येतंय का? ओठ!"

"आहेत तसेच!" पेंटर ओरडे. दुसरं काय सांगणार?

जावई आधी उठून बसला. लेक उठेना. तिचा श्वास वाजे, मग वाजेनासा होई, आणि तो वाजेनासा झाला की पेंटरचाही थांबे.

अशाच एका दुपारी तो डोकं गुडघ्यांत घालून बसला असताना समोरून हाक आली, "जावईबापू! मेलात का सगळे? पोरीचे ओठ कसे आहेत?"

उशीवरचे ओठ हलले. फिकट, कोरडे, भेगाळलेले. पण निळे नव्हते. पेंटर त्यांना कान लावून बसला.

"बाबा," लेक म्हणाली, "खिडकी तेवढी लावा ना. आजी फार ओरडते."